हरवलेले दोन तास आणि तीन लीप

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून संपादित)

तुमच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सुचवला होता 'मालिका आणि संस्कृती'. मी म्हटलं, अहो, तेवीस वर्षं मी मराठी मालिकांचे संवाद लिहून पोट भरतेय. आता त्याच मालिकांना व्यासपीठावरून शिव्या घालायच्या म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायचे. त्यापेक्षा दुसऱ्याच्या घरचे वासे मोजते. परग्रहावरचे लोक माणसांना पळवून नेतात अशी एक अमेरिकन मालिका आहे, ती पाहून लोक काय काय बोलतात यावर बोलू का? फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मॅडम, आमचा श्रोतृवर्ग ज्येष्ठ आहे." (हशा) ज्येष्ठांचा या विषयाशी किती जवळचा संबंध आहे ते येईलच पुढं.

मालिकेचं नाव 'टेकन'. म्हणजे 'नेलेले'. २ डिसेंबर २००२ ला ती अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीवर सुरू झाली आणि १३ तारखेला संपली. मधला शनिवार-रविवार सोडून रोज रात्री एक भाग, असे दहा. निर्माते स्टीव्हन स्पीलबर्ग, त्यामुळं जाहिरातीत त्यांचंच नाव मोठं. पण लिहिली ती लेस्ली बोहेम यांनी, दहाच्या दहा भाग. दिग्दर्शक मात्र दहा, भागाला एक. जाहिराती धरून एकेक भाग दोन तासांचा. पुढच्या वर्षी तिला सर्वोत्कृष्ट लघुमालिकेचं एमी पारितोषिक मिळालं. आमच्याकडे डेली सोपचा लेखक एवढी मिनिटं दीड-दोन महिन्यांत हातावेगळी करतो आणि वर चॅनेलचा फोन येतो की उद्याचा सीन अजून का नाही आला. असो.

गोष्ट तीन घराण्यांची आहे. रसेल कीज हा दुसऱ्या महायुद्धातला बाँबर विमानाचा वैमानिक. १९४४ साली युरोपच्या आभाळात त्याच्या विमानाभोवती निळे दिवे घिरट्या घालतात. आपण त्यातून जिवंत कसे परतलो, हे त्याला आठवत नाही. ओवेन क्रॉफर्ड हा लष्करातला अधिकारी. १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेलजवळ उडती तबकडी कोसळते आणि ते प्रकरण आपल्याच मुठीत राहावं म्हणून हा गृहस्थ खुनापर्यंत जातो. तिसरी सॅली क्लार्क, टेक्सासमधल्या लबक गावची. नवरा कायम फिरतीवर, घरात दोन मुलं. तिच्या परसातल्या शेडमध्ये एक अनोळखी माणूस येऊन लपतो. तो माणूस नसतोच. त्याच्यापासून तिला मुलगा होतो, जेकब. इथून पुढं पानं उलटत जातात. रसेलचा मुलगा जेसी, जेसीचा चार्ली. जेकबची मुलगी लिसा. चार्ली आणि लिसाची मुलगी ॲली. तिकडे ओवेनचा एरिक आणि एरिकची मेरी. दोन घराण्यांना नेलं जातं आणि तिसरं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या मागावर असतं.

लबक हे गाव बोहेम यांनी उगीच निवडलेलं नसावं. १९५१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या महाविद्यालयाच्या काही प्राध्यापकांना अंगणात बसलेले असताना आभाळातून सरकत जाणारे दिवे दिसले होते. 'लबकचे दिवे' म्हणून ते प्रकरण अमेरिकेत गाजलं. म्हणजे मालिकेतली गावं, सनं, दिवे यांना कुठं ना कुठं पुराव्याचा चिकटा आहे. हे लक्षात ठेवा.

माझ्या भाच्यानं न्यू जर्सीहून या मालिकेच्या डीव्हीडींचा संच आणून दिला. मी तो पाहिला आणि नंतर घरोघर फिरवला. सहकारी लेखक, इमारतीतले शेजारी, आईच्या भिशीतल्या बायका, एक डॉक्टर, दोन कॉलेजची पोरं. मतं गोळा करायला मी काही प्रश्नावली काढली नाही. डीव्हीडी परत द्यायला आलेला माणूस चहा उकळेपर्यंत जे बोलतो तेवढंच ऐकलं. पण बरीच वर्षं ऐकलं, आणि त्यात एक गंमत दिसली.

जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार एकच. कुणाचं कोण, कळत नाही. एका बाईंनी तर वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढली होती, लग्नाच्या पत्रिकेत 'आमचे येथे' खाली नावं असतात तशी. दुसरी तक्रार पहिलीच्या पोटातली. जरा कुठं एखादं माणूस ओळखीचं होतंय, त्याच्यावर जीव बसतोय, की दुसऱ्या दिवशी ते म्हातारं होऊन येतं, नाहीतर मेलेलंच असतं. छोट्या जेकबचं काम अँटन येल्चिन या मुलानं केलं होतं. दोन डोळे बोलायचे त्या पोराचे. पुढं मोठा नट झाला आणि २०१६ साली सत्ताविसाव्या वर्षी अपघातात गेला. त्याचा भाग बघून सगळे म्हणत, हाच पुढं पाहिजे होता. पण पुढच्या भागात जेकब दुसरा. त्यानंतर आणखी दुसरा.

आमच्या धंद्यात याला लीप म्हणतात. कथानक दहा-पंधरा वर्षं पुढं उडी मारतं. नायिकेच्या केसात एक पांढरी बट येते, पाळण्यातलं मूल थेट कॉलेजात जातं, सासू तेवढीच तरुण राहते. (हशा) टीआरपी घसरला की चॅनेल लीप घ्यायला सांगतं. मी स्वतः तीन मालिकांना लीप दिल्या आहेत. लीपनंतरच्या आठवड्यात येणारे फोन मी ऐकलेत. 'आमची जुनी मुलगी परत आणा' म्हणून बायका अक्षरशः रडतात. बिचाऱ्या नव्या नटीचा काही गुन्हा नसतो. मधली वर्षं आपल्याला न विचारता कुणीतरी काढून नेली, हा तो राग असतो.

आणि 'टेकन'मध्ये तर लीपशिवाय काही नाहीच. पहिल्या सहा भागांत जवळपास पन्नास वर्षं निघून जातात.

आता जरा बाजूला वळते. माणसं पळवली जाण्याची ही सगळी कहाणी अमेरिकेत सुरू कुठून झाली? १९ सप्टेंबर १९६१ ची रात्र. न्यू हॅम्पशायर राज्यातलं बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं कॅनडातून सुट्टी संपवून मोटारीनं घरी परतत होतं. तो पोस्टात नोकरीला, ती समाजसेविका. तो कृष्णवर्णीय, ती गोरी. १९६१ साली अमेरिकेत असं जोडपं म्हणजे रस्त्यात वळून बघणारे डोळे ठरलेलेच. डोंगराळ रस्त्यावर त्यांना एक दिवा मागं मागं येताना दिसला. बार्नीनं मोटार थांबवून दुर्बिणीतून पाहिलं, घाबरून परत आला, गाडी सुटली. घरी पोहोचले तेव्हा उजाडत होतं. नंतर हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, प्रवासाला लागायला हवा होता त्याहून दोनेक तास जास्त लागलेत. ते दोन तास कुठं गेले, दोघांनाही सांगता येईना. बेटीला त्यानंतर स्वप्नं पडू लागली. १९६४ मध्ये बोस्टनच्या डॉ. बेंजामिन सायमन या मानसोपचारतज्ज्ञांनी दोघांवर संमोहनाचे प्रयोग केले, आणि त्या दोन तासांत काय घडलं ते बाहेर 'आलं'. तबकडी, तपासणीचं टेबल, मोठ्या डोळ्यांची बुटकी माणसं. स्वतः सायमनना मात्र ते पटलं नव्हतं. बेटीची स्वप्नं ऐकून ऐकून ती बार्नीच्याही मनात उतरली, असं त्यांचं मत होतं.

या हरवलेल्या वेळेला इंग्रजीत त्या मंडळींनी एक नाव दिलंय, पण आपल्याकडे त्याहून जुना शब्द आहे. चकवा. माझे आजोबा बाजाराच्या दिवशी रात्री चालत घरी यायचे. कधी उशीर झाला की आजी विचारायची, चकवा लागला का? तोच वड, तीच विहीर, फिरून फिरून तिथंच. मग काय करायचं? जागच्या जागी बसून राहायचं. तांबडं फुटलं की वाट आपोआप समोर असते. मधल्या तासांचं काय झालं असा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारला नाही. संमोहन तर लांबच. चकव्याला कुणी चेहरा दिला नाही, डोळे दिले नाहीत. तो नुसता वेळ खातो.

हे मी सगळं का सांगतेय? कारण 'टेकन'चा लेखक हा चकवा पात्रांना तर घालतोच, पण बघणाऱ्यालाही घालतो. रसेल कीजला आपल्या एका रात्रीतले काही तास सापडत नाहीत. आपल्याला रसेल कीजचीच दहाएक वर्षं सापडत नाहीत. काल रात्री बघितला तो तरुण होता, घरी परतला होता. आज बघतो तर त्याचा मुलगा एवढा मोठा झालाय आणि त्यालाही 'ते' नेतायत. मधलं काही आठवत नाही, कारण दाखवलेलंच नाही. बोहेमनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. धंद्यात बऱ्याच गोष्टी हातून होऊन जातात आणि मग मुलाखतीत आपण म्हणतो, हो हो, तोच विचार होता. (हशा) पण झालंय खरं तसं. चहा उकळेपर्यंत जी कुरकुर ऐकली, ती सगळी हरवलेल्या वेळेची कुरकुर होती.

शेवटच्या चार भागांत मात्र गाडी एकदम पहिल्या गिअरमध्ये येते. सगळं नऊ-दहा वर्षांच्या ॲलीभोवती फिरतं. पन्नास वर्षं सहा रात्रींत, आणि एका पोरीसाठी चार रात्री. इथं माझ्या प्रेक्षकांत उभी फूट पडली. माझे सहकारी लेखक म्हणाले, फुगवलंय, दोन भागांत उरकलं असतं. आईच्या भिशीतल्या बायकांना तेच चार भाग सगळ्यात आवडले. म्हणाल्या, आता कुठं एका माणसापाशी बसायला मिळालं.

दुसरा एक मोठा गट होता, त्यांना मालिकेशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न. यातलं खरं किती? आमच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते पहिला भाग बघून आले आणि म्हणाले, "रॉझवेलचं तर कागदोपत्री आहे." आहे ना. ८ जुलै १९४७ रोजी रॉझवेलच्या हवाई तळानं स्वतःच पत्रक काढलं की उडती तबकडी हाती लागली आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत ते फिरवलं, म्हणे हवामानखात्याचा फुगा. आणि मग, हे महत्त्वाचं आहे, तीस वर्षं त्या गोष्टीचं कुणी नाव घेतलं नाही. १९७८ मध्ये त्या वेळच्या एका अधिकाऱ्याची, मेजर जेसी मार्सेल यांची, मुलाखत झाली, १९८० मध्ये पुस्तक आलं आणि रॉझवेलचं तीर्थक्षेत्र झालं. १९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलानं सांगितलं की तो साधा फुगा नव्हता. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वरच्या वातावरणात पकडण्यासाठी ध्वनिग्राहक बांधलेल्या फुग्यांची माळ होती, आणि ते काम गुप्त होतं. मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे लपवलं होतंच की!" याला उत्तर नाही. लपवलं होतंच. लपवलेल्या जागी लोकांनी काय ठेवायचं हा लोकांचा प्रश्न.

पण मालिका लिहिणारी म्हणून मला त्याहून दुसरी गोष्ट खुपते. या प्रकरणात प्रेक्षक कुठं संपतो आणि साक्षीदार कुठं सुरू होतो, ते कळत नाही. बार्नी हिलनं संमोहनात त्या माणसांचे डोळे वर्णन केले, चेहऱ्याच्या कडेपर्यंत गुंडाळलेले, तो दिवस होता २२ फेब्रुवारी १९६४. त्याच्या बारा दिवस आधी, १० फेब्रुवारीला, अमेरिकन टीव्हीवर 'आउटर लिमिट्स' या मालिकेच्या एका भागात तशाच डोळ्यांचा परग्रहवासी दाखवला गेला होता. हे एका संशोधकानं नंतर शोधून काढलं. आम्ही तो भाग पाहिला नव्हता, असं बेटीचं म्हणणं. खरंही असेल. पुढं १९७५ च्या २० ऑक्टोबरला हिल जोडप्यावरचा टीव्ही चित्रपट देशभर दाखवला गेला. आणि ५ नोव्हेंबरला ॲरिझोनाच्या जंगलात ट्रॅव्हिस वॉल्टन नावाचा लाकूडतोड्या त्याच्या साथीदारांसमोरून प्रकाशाच्या झोतात गडप झाला, पाच दिवसांनी परतला. तारखा शेजारीशेजारी आहेत, एवढंच मी म्हणते. निकाल मी देत नाही.

ही पळवापळवी पिढीजात कशी झाली, ती तर आणखी मजेची गोष्ट. हिल जोडप्याच्या कहाणीत पोराबाळांचा, पूर्वजांचा संबंध नाही. दोन माणसं, एक रस्ता, एक रात्र. बड हॉपकिन्स नावाचे न्यूयॉर्कमधले एक चित्रकार होते, अमूर्त शैलीतले. त्यांनी १९८० च्या दशकात अशा अनुभवांच्या लोकांना गाठून त्यांचं संमोहन करायला सुरुवात केली आणि असं मांडलं की हे एकदा होत नाही. लहानपणापासून होतं, आईला झालेलं असतं, मग मुलीला होतं. परग्रहवाल्यांना मिश्र संतती हवी आहे, म्हणून ते घराणी धरून ठेवतात. हे त्यांच्या १९८७ च्या पुस्तकात आलं, १९९२ मध्ये त्यावर सीबीएस वाहिनीवर दोन भागांची लघुमालिका झाली, आणि दहा वर्षांनी बोहेम यांच्या हाती लागलं तोपर्यंत ते लोककथेइतकं घट्ट झालं होतं. म्हणजे तीन घराण्यांची कल्पना लेखकाची नव्हे. त्यानं आख्यानात असलेली वंशावळ उचलली. आपल्याकडे घराण्याला पीडा लागते, सात पिढ्या फिटत नाही, कुणीतरी पूर्वजानं नाग मारलेला असतो. अमेरिकेत पूर्वजानं काही केलेलं लागत नाही. रसेलचा गुन्हा काय? तो त्या रात्री विमान चालवत होता. आईच्या भिशीतल्या एका आजींना हेच पटेना. त्या म्हणाल्या, "काहीतरी केलं असेल गं त्यानं, दाखवलं नसेल."

आणि आता ज्येष्ठांचा संबंध. १९९१ मध्ये रोपर या संस्थेनं अमेरिकेत ५,९४७ प्रौढांना काही प्रश्न विचारले. तुम्हाला परग्रहवाल्यांनी नेलं का, असं कुणाला विचारलं नाही. विचारलं काय? जाग आली तेव्हा अंग हलवता येत नव्हतं आणि खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटलं, असं कधी झालं का? तासभर किंवा जास्त वेळ आपण कुठं होतो ते आठवत नाही, असं? हवेत तरंगल्यासारखं? खोलीत कसला प्रकाश? अंगावर कसले व्रण, कशाचे ते ठाऊक नाही? पाचांपैकी चार 'हो' आले की तो माणूस बहुधा नेला गेला असावा, असं हॉपकिन्स आणि त्यांच्या मंडळींनी धरलं. दोन टक्के निघाले. लोकसंख्येला गुणलं आणि जाहीर केलं, ३७ लाख अमेरिकन! आता मला सांगा, या सभागृहात जाग आल्यावर अंग हलत नव्हतं, छातीवर कुणीतरी बसलं होतं, असा अनुभव किती जणांना आहे? वर करा हात. बघा, बघा. (हशा) पाठीमागच्या रांगेत तर सगळेच. आमच्याकडे त्याला मुंजा बसला म्हणत. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं पडतात त्यात शरीराचे स्नायू मेंदू सैल सोडून देतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे खरोखर धावत सुटलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून. त्या मधल्या क्षणांत स्वप्न डोळ्यांसमोर खोलीतच चालू असतं. न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसते, जपानात लोखंडी साखळ्यांनी जखडल्यासारखं होतं त्याला त्यांचा वेगळा शब्द आहे, कोकणात मुंजा, आणि अमेरिकेत १९६१ नंतर मोठ्या डोळ्यांचे पाहुणे. जागा तीच, भाडेकरू बदलतात.

आमच्या ऑफिसातली एक मुलगी, माझ्या हाताखाली सीन ब्रेकडाउन लिहायची, ती पाचवा भाग पाहून आली आणि म्हणाली, मॅडम, मला असं होतं. लहानपणापासून होतं. आईलाही होतं. मी तिला झोपेचं सगळं सांगितलं. ती शहाणी, तिला ते समजलंही. पण चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली मला. दहा भागांत कुणीतरी तिच्या रात्रींना घराणं दिलं होतं, वंशावळ दिली होती, आणि मी त्यांचे स्नायू करून टाकले.

आता थोडं भराभरा. खलनायक. परग्रहवाले या मालिकेत कितीही नेआण करोत, राग त्यांचा येत नाही. राग येतो क्रॉफर्डांचा. जोएल ग्रेट्शनं केलेला ओवेन बघून आमचे सगळे पुरुष प्रेक्षक खूश झाले, कारण तो दिसायला देखणा आणि वागायला नीच. मला मात्र त्याची नात मेरी जास्त चांगली लिहिलेली वाटली. आजोबांचं सगळं तिच्यात उतरलंय आणि ती ते आनंदानं वापरते. म्हणजे तिसऱ्या घराण्यालाही पिढीजात काहीतरी मिळालंय, फक्त ते आभाळातून आलेलं नाही.

निवेदन. सगळ्या मालिकेला ॲलीच्या आवाजातलं निवेदन आहे. डकोटा फॅनिंग तेव्हा आठ वर्षांची होती. यावर दोनच मतं पडली. एक म्हणे, काय पोर आहे! दुसरं म्हणे, एवढीशी पोर एवढ्या तत्त्वज्ञानाच्या गोष्टी करते, कानफटात द्यावीशी वाटते. व्हॉइस ओव्हर म्हणजे लेखकाचा आळस असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. इथं मला तो आळस वाटला नाही. एवढ्या लीप घेतल्यावर सूत्रधार लागणारच, नाहीतर प्रेक्षक कोणत्या दशकात उभा आहे हेच त्याला कळायचं नाही. पण वाक्यं जरा कमी गोड चालली असती. साखर कमी, चहा तोच.

सगळ्यात आवडलेलं माणूस विचाराल तर बायकांत बिनविरोध सॅली. कॅथरीन डेंटनं ती केलीय. पहिला भाग टोबी हूपर यांनी दिग्दर्शित केला होता. भयपटांचा माणूस, पण सॅलीच्या स्वयंपाकघरात त्यांनी भीती आणली नाही. परसात कुणीतरी आहे हे कळल्यावर ही बाई बंदूक घेऊन जात नाही, ताट घेऊन जाते. बास, तिथं आमची मंडळी तिची झाली. थोरला मुलगा टॉम मात्र कितीतरी वर्षं आईची गोष्ट खोटी धरून चालतो, तबकडीवाल्यांचं बिंग फोडण्यात रमतो. त्याच्यावर कुणी रागावलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. बहुतेक प्रत्येकाच्या घरात एक टॉम असतो.

आता आईचं सांगते आणि थांबते, कारण कार्यवाह घड्याळ दाखवतायत. माझी आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. इंग्रजी येत नाही. दहाही रात्री मी शेजारी बसून सांगत होते, हा काय म्हणाला, ती काय म्हणाली. वंशावळ तिला काढावी लागली नाही, तिच्या डोक्यात आपोआप बसली. मला सांगायची, अगं तो चार्ली म्हणजे जेसीचा, नाक बघ. (नाक अर्थातच वेगवेगळ्या नटांचं.) शेवटच्या भागात ॲली आईवडिलांचा निरोप घेऊन परग्रहवाल्यांबरोबर जायचं ठरवते. स्वतःहून. मोठा प्रकाश, संगीत, आई रडतेय, बाप उभा आहे. भिशीतल्या बायका याच ठिकाणी हुंदके देऊन आल्या होत्या. माझी आई शांत होती. नावं पडद्यावर सरकायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "आणि मूळ कोण जाणार?"

तुमच्यातल्या तरुणांसाठी सांगते. सासरी दिलेल्या मुलीला पहिल्या सणाला माहेरी आणायचं तर घरातला कुणीतरी, भाऊ नाहीतर काका, तिला न्यायला जायचा. त्याला मूळ जाणं म्हणतात. मी म्हटलं, आई, ती आभाळात गेलीय. आई म्हणाली, "गेली ना? मग कुणी आणायला जायचं ते ठरवल्याशिवाय पाठवायची नसते. त्या सॅलीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं." मी म्हटलं, सॅली मेली गं. त्यावर ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कधी? मला तर तिचं जाणं दाखवलंच नाहीस." मी म्हटलं, मधल्या वर्षांत कुठंतरी. ती उठली, दिवा मालवला आणि आत जाताना म्हणाली, उद्या तो भाग परत लाव, माझा डोळा लागला असेल.

लावला. तिचा डोळा लागला नव्हता.

प्रश्न असतील तर विचारा.